विंगेत फिरकी धरून

मी सरळ बोलणारा माणूस आहे, असं मी स्वतःबद्दल सत्तावन्न वर्षं सांगत आलो. आमचे पूर्वज बडोदे संस्थानच्या फौजेत होते. फौजेतला माणूस एक तर हुकूम देतो, नाहीतर शिवी. तिसरा प्रकार आमच्या घरात फारसा कुणी वापरला नाही. त्यात माझं सगळं आयुष्य मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात तपासणी विभागात गेलं. तिथे भाग मापात असतो किंवा नसतो. ‘जवळपास बरोबर’ असं लिहायला आमच्या कागदावर रकानाच नाही. उपमा, रूपक वगैरे मंडळी शाळेत दोन-दोन मार्कांपुरती भेटली, नंतर आमच्या दारात कधी आली नाहीत.

थोरला भाऊ नेमका उलट. दादा कोयलीच्या रिफायनरीत होता. दिवसभर कॉम्प्रेसरच्या गडगडाटात उभा, आणि संध्याकाळी कंपनीच्या बसमधून उतरला की घरी यायच्या आधी तालमीला. चाळीस वर्षं त्याने हौशी नाटकं केली. त्याला साधं पाणी हवं असलं तरी तो आईला म्हणायचा, “घशात कच्छचं रण पसरलंय, एखादा ढग पाठवता येतो का बघ.” आई हसत हसत पाणी आणायची. मी ‘पाणी दे’ म्हटलं की नुसतं पाणी आणायची.

आई गेली त्या संध्याकाळी मी दादाला अकरा वेळा फोन लावला. फोन वाजत होता, तो उचलत नव्हता, कारण तालीम चालू होती. शेवटी कुणीतरी जाऊन त्याला घेऊन आलं, तेव्हा आई जाऊन तास उलटला होता. तेराव्याला पंगत बसलेली असताना मी सगळ्यांसमोर त्याला म्हणालो, “आई जात होती आणि तू नाटकात तोंड रंगवत होतास. फोन उचलायचीसुद्धा तुला गरज वाटली नाही.” जन्मात ज्याला कधी शब्द कमी पडला नव्हता, तो काही बोलला नाही. चपला घातल्या आणि निघून गेला. मला वाटलं, खरं बोललं की माणूस असाच गप्प होतो.

त्यानंतर दोन वर्षं आमचा अबोला. दोन घरांमध्ये स्कूटरवर दहा मिनिटांचं अंतर, आणि पतंगांची दोन उत्तरायणं आम्ही दोन वेगळ्या गच्च्यांवर काढली.

गेल्या वर्षी एका दुपारी वहिनींचा फोन आला. दादाच्या संस्थेने एक जुनं पद्यनाटक बसवायला घेतलं होतं, दादाला त्यात म्हाताऱ्या प्रधानाचं काम होतं, आणि नेहमीचे प्रॉम्प्टर मुलाकडे पुण्याला राहायला गेले होते. “भावजी, तुम्ही याल का?” वहिनींनी विचारलं. मी म्हणालो, बडोद्यात वाचता येणारी माणसं संपली काय? वहिनींनी आवाज खाली आणला. मग म्हणाल्या, “ह्यांना ऐकू येत नाही. उजवा कान गेलाय, डावा थोडा चालतो. सहा वर्षं झाली. मशीनच्या आवाजाने झालं म्हणतात. संस्थेत कळलं तर काम कोण देणार, म्हणून कुणाला सांगितलं नाही. प्रॉम्प्टरची कुजबूज ह्यांना पोचतच नाही. आजवर पाठांतरावर निभावलं, पण आता ओळी निसटतात. पण तुमच्या ओठांवरून ह्यांना कळतं. लहानपणचं.”

लहानपणचं म्हणजे उत्तरायणाचं. ज्यांनी बडोद्याच्या गच्चीवर ते दिवस काढलेत त्यांना सांगायला नको. प्रत्येक गच्चीवर स्पीकर, थाळ्या, पिपाण्या. शेजारच्याशी बोलायचं तरी कान धरावा लागतो. दादा पतंग उडवायचा आणि मी मागे फिरकी धरून उभा. तो मागे वळून नुसते ओठ हलवायचा: ‘ढील दे’, ‘लपेट’. मी ओठ वाचून मांजा सोडायचो किंवा गुंडाळायचो. माझा स्वभाव ताणून धरायचा, त्यामुळे दादाच्या ओठांवर ‘ढील दे’ जास्त वेळा असायचं. पुढे आम्ही शाळेतल्या प्रार्थनेतही असेच आवाजाविना बोलायचो.

फोन ठेवला आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला. सहा वर्षं. आईला जाऊन दोन. म्हणजे ते अकरा फोन त्याला ऐकूच आले नव्हते. मी पंगतीत उभं राहून त्याला जे सुनावलं ते खोटं होतं, आणि त्याने ते गिळलं, कारण खरं सांगितलं असतं तर त्याचं नाटक गेलं असतं.

कारखान्यात आम्ही मापायच्या आधी मायक्रोमीटर मिटवून बघतो. मिटल्यावर रेघ शून्यावर नसेल तर पुढची सगळी मापं चुकतात, आणि गंमत अशी की ती अगदी नेमकी चुकतात. सरळ बोलण्याचा मला इतका गर्व होता. शून्य कधी तपासलंच नव्हतं.

तर मी गेलो. तालीम घडियाळी पोळ नावाच्या जुन्या गल्लीत एका भांड्यांच्या दुकानावरच्या खोलीत चालायची. दिग्दर्शिका एक निवृत्त मराठीच्या शिक्षिका होत्या, त्यांना सगळे बाईच म्हणायचे. दादाने माझ्याकडे एकदा पाहिलं, मान हलवली आणि आपल्या जागी जाऊन उभा राहिला. दररोज स्कूटरवरून जाताना मी ठरवायचो, आज त्याला ‘चुकलो’ म्हणायचं. सरळ बोलणाऱ्या माणसाला एवढं एक सरळ वाक्य काही केल्या जमत नव्हतं.

प्रॉम्प्टरचा दिवा पुस्तकावर पडतो. आमचा दिवा माझ्या तोंडावर लावावा लागला, कारण दादाला ओठ दिसायला हवेत. पुस्तक अंधारात. म्हणजे प्रधानाचं सगळं भाषण मला पाठ करणं आलं. ऐंशी ओळी. ज्याला स्वतःच्या लग्नात उखाणा धड घेता आला नाही, त्याने ऐंशी ओळी पाठ करायच्या.

नाटकाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की लोक म्हणतात, हां, आम्हाला अभ्यासाला होतं, आणि ऐकायचे थांबतात. गोष्ट साधी आहे. राज्यातल्या तळ्याचा बांध फुटायला आलाय. दरबारातला भाट हे राजाला तोंडावर सांगतो, राजा संतापून त्याला हद्दपार करतो आणि फर्मान काढतो की जो कुणी बांधाचं नाव काढील त्याची तीच गत. मग म्हातारा प्रधान उठतो. त्याला बांधाचं नाव न काढता राजाला बांध दाखवायचा आहे. तो राजाची स्तुती सुरू करतो.

पहिल्या वाचनाला मला तो लाचार वाटला. भाट माझ्या जातकुळीचा, एका वाक्यात काम. हा म्हातारा वळसे कसले घेतोय? तो म्हणतो, महाराजांनी कडू काढा देणाऱ्या वैद्याला राज्याबाहेर घालवलं, काय ही प्रजेवर माया, आता राज्यात कडू म्हणून काही उरलं नाही, आजारसुद्धा गोड झालाय. राजाचं काम करणारा मुलगा आयटीतला, घराबाहेर सगळा कारभार गुजरातीत. तो वाचता वाचता थांबला आणि दादाला म्हणाला, “काका, आ प्रधान वखाण करे छे के वाट लगाडे छे?”

“दोन्ही,” बाई म्हणाल्या. “स्तुतीही आणि वाटही, एकाच वाक्यात. त्यालाच व्याजस्तुती म्हणतात, बेटा. ऐकताना गोड लागते, घरी गेल्यावर दुखते.”

त्याच्या पुढची ओळ घंटेची. महाराजांच्या झोपेत व्यत्यय नको म्हणून वेशीवरच्या घंटेची जीभ काढून घेतली. केवढी ही शांतता, आता चोरसुद्धा महाराजांच्या राज्याचे गोडवे गातात. इथे मात्र मी उठलो. तपासनीसाची खोड. मी म्हणालो, “बाई, हे चूक आहे. जीभ काढली म्हणून घंटा मुकी होत नाही. बाहेरून काठीने ठोकली तरी वाजते. लिहिणाऱ्याने घंटा पाहिलेली नाही.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. बाई चष्मा पुसत म्हणाल्या, “चार ओळी पुढे जा.”

गेलो. चार ओळींनंतर प्रधान म्हणतो, कुणी म्हणेल, जीभ नसली तरी घंटा काठीने वाजते. महाराज, ती काठी मी. काठीकडे पाहू नका, नाद ऐका.

मी खाली बसलो. शंभरेक वर्षांपूर्वी कुणीतरी दिव्याजवळ बसून हे लिहिलं, आणि मकरपुऱ्याचा एक तपासनीस इथे अडकणार हे त्याला माहीत होतं. माझी हरकत त्याने माझ्या आधी काढली होती, तिची काठी केली होती आणि प्रधानाच्या हातात दिली होती. आयुष्यात पहिल्यांदा मला एखाद्या लिहिणाऱ्याची भीती वाटली. देवळात वाटते तशी.

त्या दिवसापासून मी त्या भाषणाच्या मागे लागलो. पेन्सिल घेऊन प्रत्येक ओळीच्या मात्रा मोजल्या. लघू एक, गुरू दोन, एवढं शाळेतलं आठवत होतं. ऐंशी ओळी मोजल्या आणि एकही मापाबाहेर निघाली नाही. माझ्या विभागात ऐंशी भाग आले तर दोन-तीन परत जातातच. आणि एवढं काटेकोर असून ऐकताना वाटतं की म्हातारा आत्ता, इथे, सुचेल तसं बोलतोय. टोचणी नेहमी ओळीच्या टोकाला, जिथे श्वास संपतो तिथे. त्यामुळे राजाला हसू आधी येतं आणि कळतं नंतर. हे कसं केलं असेल, हा विचार मी यंत्रापाशी उभा राहून करायचो. दोनदा साहेबांनी विचारलं, तब्येत बरी आहे ना.

भाटाने तेच एका वाक्यात सांगितलं होतं, आणि राजा बहिरा झाला. प्रधानाला ऐंशी ओळी लागल्या आणि राजाला ऐकू आलं. मी भाटाच्या बाजूचा माणूस, पण मनातून मला कबूल करावं लागलं की लाचार कुणी असेल तर तो मीच; रागापुढे लाचार.

तालमीत मी दादापेक्षा अर्धी ओळ पुढे असायचो. मी ओठ हलवायचे, त्याने पाहायचं आणि मग त्याचा आवाज उठायचा. आम्ही एकमेकांशी शेकडो ओळी बोलत होतो आणि एक शब्दही बोलत नव्हतो. तालीम संपली की तो वहिनींच्या मागे स्कूटरवर बसून निघून जायचा.

भाषणाच्या शेवटाकडे एक काट्याची जागा आहे. प्रधान आता स्तुती सोडतो, आवाज खाली आणतो. म्हणतो, महाराजांच्या पायात काटा रुतला होता, महाराजांनी तो काट्यानेच काढला, मग दोन्ही काटे आगीत टाकले. पहिल्याचा गुन्हा मला कळला. दुसऱ्याचा एवढाच, की काढताना तोही टोचला.

काट्याने काटा काढतात, हे मी जन्मभर ऐकलेलं. त्या दुसऱ्या काट्याचं पुढे काय होतं, याचा विचार माझ्या बापजाद्यांत कुणी केला नसेल. सुरुवातीला ही ओळ मला फार आवडली, कारण ती मी माझ्याकडे ओढून घेतली. मीच तो दुसरा काटा, भल्यासाठी टोचणारा. दहा-बारा तालमी मी ती ओळ मोठ्या ऐटीत ओठांवर आणली. मग एका संध्याकाळी दादाचा चेहरा समोर होता, आणि मला लख्ख कळलं की दादाच्या पायात काटा नव्हताच. मी काही काढलं नव्हतं. मी नुसताच टोचलो होतो.

प्रयोगाला हॉल निम्म्यापेक्षा जास्त भरला होता. जुनी मराठी घरं होती, आणि त्यांची नातवंडं आपले गुजराती मित्र घेऊन आली होती. मला वाटलं होतं, ही पोरं मोबाइल काढून बसतील. घंटेच्या ओळीला पहिली हसली ती तीच. माझ्या शेजारी दिव्यांचा माणूस उभा होता, त्याला मराठी जेमतेम कळायचं. ‘चोर गोडवे गातात’ ऐकून तो तोंडावर हात ठेवून हसला आणि पुढच्या ओळीला एकदम गंभीर झाला. शब्द अर्धे कळूनही वार पूर्ण बसत होता. मी ऐंशीच्या ऐंशी ओळी पाठ असूनही थक्क होऊन ऐकत होतो, आणि पुढची ओळ ओठांवर आणायचं विसरता विसरता आणत होतो.

दादाबद्दल काय सांगू? त्याला स्वतःचा आवाजही धड ऐकू येत नव्हता. हसणं त्याला ऐकू येत नव्हतं, ते तो लोकांच्या खांद्यांवरून ओळखत होता आणि ओसरेपर्यंत थांबत होता. एवढी वर्षं मी त्याला नाटकी म्हणून हिणवलं. त्या दिवशी विंगेत उभं राहून मला त्याच्या पाया पडावंसं वाटलं.

काट्याची जागा आली. मी ओठ हलवले. महाराजांनी तो काट्यानेच काढला. त्याने म्हटलं. दोन्ही काटे आगीत टाकले. त्याने म्हटलं. दुसऱ्याचा एवढाच, की काढताना तोही टोचला. हे ओठांवर आणताना माझी हनुवटी थरथरली. प्रधानाने ही ओळ राजाकडे पाहून म्हणायची असते. तालमीत तो नेहमी तसाच म्हणायचा. त्या दिवशी दादाने राजाकडे पाठ केली आणि माझ्याकडे बघून म्हटली, हळू, एकेक शब्द ठेवत. दुसऱ्या काट्याची जी जागा माझी नव्हती ती त्याने मला दिली.

पुढची ओळ मला द्यायची होती आणि माझे ओठ हलेनात. ओळ पाठ होती, पण डोळ्यांत पाणी. दादा माझ्या तोंडाकडे बघत उभा. लोकांना वाटत असणार, प्रधान गहिवरलाय. असे किती क्षण गेले कुणास ठाऊक, मला तरी ते फार वाटले. मी पुस्तक शोधायला लागलो, अंधारात ते हातातून निसटलं.

तेव्हा दादाने चेहऱ्याची प्रेक्षकांकडची बाजू उपरण्याने झाकली, जणू डोळे पुसतोय, आणि मला नुसते ओठ हलवून म्हणाला, ‘ढील दे.’

चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी. मी श्वास सोडला. खांदे आपोआप खाली आले आणि ओळ ओठांवर आली. त्याने ती वाचली आणि म्हातारा प्रधान शेवटच्या अकरा ओळी असा बोलला की राजा झालेला मुलगा खरोखर रडला, आणि भाटाला परत बोलवायचं फर्मान त्याने कापऱ्या आवाजात काढलं. बांधाचं नाव शेवटपर्यंत कुणी काढलं नाही. हॉलमधल्या शेवटच्या माणसालाही तो दिसत होता.

पडदा पडल्यावर मी मेकअपच्या खोलीत गेलो. दादा आरशासमोर बसून पांढरी मिशी सोडवत होता. मी मुद्दाम त्याच्या डाव्या बाजूला, चालणाऱ्या कानाकडे उभा राहिलो. येता येता मी एक उपमा जुळवली होती, मायक्रोमीटरची आणि शून्याची. तोंड उघडलं तर ती कुठल्या कुठे गेली.

“दादा,” मी हळूच म्हणालो, “तुला फोन ऐकू आले नव्हते. मी चुकलो.”

तो आरशात बघत म्हणाला, “काय म्हणालास?”

“मी चुकलो.”

“मोठ्याने बोल. उजवा तर गेलाच आहे, आता ह्याही कानाचं काही खरं नाही.” हे तो सगळ्यांसमोर पहिल्यांदाच बोलत होता. बाईंनी मान खाली घातली; मला वाटतं, त्यांना आधीपासून माहीत होतं.

कारखान्यात मशीनवरून हाक मारतो त्या आवाजात मी ओरडलो, “दादा, मी चुकलो!”

राजा मुकुट हातात घेऊन उभा राहिला. वहिनी दारात होत्या, त्या तिथेच थांबल्या. दादाने मिशी टेबलावर ठेवली आणि माझ्याकडे वळला.

“आता कसं,” तो म्हणाला. “तेराव्याला सगळ्या पंगतीला ऐकू गेलं होतं. हेही जायला हवं होतं.”

आणि शेजारचं स्टूल त्याने पायाने माझ्याकडे सरकवलं.